घरबसल्या देखणी ग्रंथालये: आभासी सफर नीट कशी करावी

प्रागच्या स्ट्राहोव मठातले तत्त्वज्ञान दालन पाहायला तिकीट काढून गेलेला पर्यटक बहुधा दाराशीच थांबतो. माणसांच्या श्वासाने दालनातला दमटपणा वरखाली होतो आणि ते तिथल्या चित्रांना, पुस्तकांना सोसत नाही, म्हणून सर्वसाधारण तिकिटावर आत सोडत नाहीत. घरी लॅपटॉपपुढे बसलेला माणूस मात्र थेट दालनाच्या आत उभा राहतो आणि मान वर करून छत हवे तितका वेळ पाहतो.

पण बहुतेकांची आभासी सफर दीड मिनिटात आटोपते. दुवा उघडला, दोनदा गरगर फिरवले, ‘छान आहे’ म्हटले, बंद. त्याचे कारण आळस नव्हे. कोणत्या प्रकारची सफर आहे, त्यात काय दिसू शकते आणि काय शोधायचे, हे आधी ठाऊक नसते. पुढच्या पायऱ्या त्यासाठी.

लागणारे साहित्य

- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. मोबाइलवर सफर चालते, पण पुस्तकांच्या कण्यावरची अक्षरे पाहायची तर मोठा पडदा हवा.
- चाकाचा माउस. टचपॅडवर झूम आणि फिरवणे यांची गल्लत होते आणि पाच मिनिटांत वैताग येतो.
- अद्ययावत ब्राउझर. वेगळे ॲप लागत नाही.
- साधे ब्रॉडबँड किंवा ४जी. ३६० अंशांच्या व्हिडिओला मात्र वेगवान जोडणी लागते.
- वही आणि पेन. चेष्टा नाही, पाचव्या पायरीला लागतील.

बहुतेक सफरींना खाते, शुल्क, डाउनलोड यांतले काहीच लागत नाही. थेट मार्गदर्शकासह ठरावीक वेळी होणाऱ्या ऑनलाइन फेऱ्यांना काही ठिकाणी पैसे पडतात, पण ती गोष्ट वेगळी.

१. आधी सफरीचा प्रकार ओळखा

‘व्हर्चुअल टूर’ या एकाच पाटीखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, एकाच जागेवरून टिपलेला मोठा पॅनोरमा. चालता येत नाही, फक्त फिरता आणि जवळ जाता येते. ग्रंथालयांसाठी हा प्रकार सर्वांत उत्तम, कारण ग्रंथालयात पाहायचे ते बारकाव्यात असते.

दुसरी, गूगल स्ट्रीट व्ह्यूसारखी. जमिनीवरचे बाण दाबत पुढे सरकायचे. दालनाची लांबी-रुंदी अंगात भिनते, पण जवळ गेल्यावर चित्र फुटते.

तिसरी, मॅटरपोर्टसारखे त्रिमितीय मोजमाप. यात जमिनीवर गोल खुणा दिसतात आणि एका बटणावर सगळी इमारत बाहुलीघरासारखी वरून पाहता येते. कोणते दालन कशाला लागून आहे हे समजायला दुसरे चांगले साधन नाही.

चौथी, ३६० अंशांचा व्हिडिओ. नवखे लोक इथूनच सुरुवात करतात आणि इथेच निराश होतात. हिशेब सोपा आहे: ‘४के’ व्हिडिओ आडवा ३,८४० ठिपक्यांचा. ते ठिपके पूर्ण ३६० अंशांत वाटले जातात. तुमच्या पडद्यावर एका वेळी साधारण ९० अंश दिसतात, म्हणजे वाट्याला ९६० ठिपके. १,९२० ठिपके रुंदीच्या पडद्यावर ते ताणून दुप्पट करावे लागतात. व्हिडिओवर ‘४के’ लिहिलेले असूनही चित्र धूसर दिसते ते यामुळे. तुमचे नेट किंवा चष्मा बदलायची गरज नाही.

याउलट स्ट्राहोवच्या तत्त्वज्ञान दालनाचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला पॅनोरमा ४० गिगापिक्सेलचा, म्हणजे ४,००० कोटी ठिपक्यांचा आहे. छायाचित्रकार जेफ्री मार्टिन यांनी सुमारे ३,००० फोटो जोडून तो केला. त्याच ९० अंशांत इथे साधारण ७० हजार ठिपके येतात. ९६० आणि ७० हजार! पहिली सफर कुठून करावी, हा प्रश्न इथेच सुटतो.

२. योग्य पानावर पोहोचा

ग्रंथालयाचे नाव मूळ रोमन स्पेलिंगने शोधा. स्पेलिंग माहीत नसेल तर देवनागरीत ‘स्ट्राहोव मठ प्राग’ असे टाका, निकालातून स्पेलिंग उचला आणि पुढे ‘३६०’ किंवा ‘पॅनोरमा’ जोडून पुन्हा शोधा. स्ट्राहोवचा तो मोठा पॅनोरमा ‘३६० सिटीज’ या संकेतस्थळाच्या नावाने सापडतो.

बाकी ग्रंथालयांच्या बाबतीत आधी संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ पाहा. इंग्रजी पानावर सफर सापडली नाही तर मूळ भाषेचे पान उघडा. तिथे ती असते आणि इंग्रजीत तिचा दुवाच नसतो, असे होते. जर्मन पानावर ‘रुंडगांग’, पोर्तुगीजवर ‘व्हिजिता व्हिर्तुआल’, चेकवर ‘प्रोहलीडका’ हे शब्द दिसले की तिथे टिचकी मारा.

दुसरा रस्ता गूगल आर्ट्स अँड कल्चर या कला-संस्कृतीच्या संकेतस्थळाचा. तिसरा थेट नकाशाचा. संगणकावर गूगल मॅप्स उघडा, कोपऱ्यातला पिवळा माणूस माउसने उचला आणि इमारतीवर धरा. निळ्या रेघा म्हणजे गाडीने टिपलेले रस्ते. सुटे निळे ठिपके म्हणजे कोणीतरी चढवलेले ३६० अंशांचे फोटो. ग्रंथालयाचा आतला भाग बहुधा या ठिपक्यांत मिळतो. मोबाइलवर पिवळा माणूस शोधत बसू नका, ठिकाणाच्या फोटोंमध्ये ३६० अंशांचा विभाग पाहा.

हात बसवायला ओळखीची जागा घ्या. भारतातल्या दहा शहरांत स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये सुरू झाले, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. मुंबईत हॉर्निमन सर्कलसमोर पिवळा माणूस सोडा आणि एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलकडे तोंड करा. १८३३ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत, समोर डोरिक खांब आणि तीस पायऱ्या. खांबांकडे झूम करणे, मागे येणे, दिशा बदलणे हे इथे जमले की परदेशातल्या दालनात गोंधळ होत नाही.

३. यंत्र तयार करा

इतर टॅब बंद करा, सफर पूर्ण पडद्यावर घ्या, स्वतःहून फिरण्याची सोय असेल तर ती आधी थांबवा.

पडदा काळा किंवा करडाच राहिला तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ चालू आहे का पाहा. हे चित्र ग्राफिक्स चिपच्या मदतीने उभे राहते. ती सोय बंद असेल तर पान उघडते, दालन उघडत नाही. कार्यालयातल्या संगणकावर ती कधी कधी मुद्दाम बंद ठेवलेली असते.

आयफोनवर फोन हलवून पाहायचे असेल तर हालचालीच्या संवेदकाची परवानगी विचारली जाते. घाईत ‘नको’ दाबले तर चित्र बोटानेच सरकवावे लागते. पान बंद करून पुन्हा उघडले की बहुधा परत विचारणा होते.

घरच्यांना टीव्हीवर दाखवायचे तर एचडीएमआय केबल लावा. वायफायने पाठवलेले चित्र माउसच्या मागून अर्धा सेकंद रेंगाळते आणि बघणाऱ्यांना गरगरते.

४. पहिली बैठक: स्ट्राहोव, अर्धा तास

एका बैठकीत एकच दालन. हा नियम मोडून एका रविवारी सात ग्रंथालये ‘केली’ तर सोमवारी सगळ्यांची मिळून एकच सोनेरी खिचडी आठवते.

(अ) पॅनोरमा उघडल्यावर आधी पूर्ण मागे या आणि एक सावकाश फेरी घ्या. फार मागे आलात तर सरळ कपाटे धनुष्यासारखी वाकलेली दिसतील. तो दालनाचा दोष नाही. रुंद दृश्य सपाट पडद्यावर बसवताना असेच होते. रेघा सरळ होईपर्यंत थोडे पुढे जा.

(आ) आता कपाटे पाहा. अक्रोडाच्या लाकडाची ही कपाटे या दालनासाठी बनलेली नव्हती. ती झ्नोइमोजवळच्या लोउका मठातली. सम्राट दुसऱ्या जोसेफने तो मठ बंद केला, कपाटे स्ट्राहोवच्या मठाने घेतली आणि त्यांच्या मापाने हे दालन बसवले. आधी कपाट, मग भिंत! हे कळल्यावर छतापर्यंत पोचलेल्या त्या लाकडी उंचीकडे नजर वेगळी जाते.

(इ) कोणतीही एक फळी निवडा आणि चाक फिरवत जवळ जा. चित्र आधी पुसट होईल. थांबा. हा पॅनोरमा हजारो लहान चौकोनांत कापून ठेवलेला असतो आणि तुम्ही जिथे पाहता तेवढेच चौकोन उतरवले जातात. दोन-तीन सेकंदांत कण्यांवरचे सोनेरी ठसे आणि नावे उमटतात. इथे अधीर होऊन सतत चाक फिरवणाऱ्याला दालन कायम धूसरच दिसते, कारण जुने चौकोन येण्याआधी तो नवे मागतो.

(ई) मग छत. आंटोन माउलबर्च यांनी १७९४ मध्ये रंगवलेले. विषय ज्ञानाच्या शोधात निघालेल्या मानवजातीचा. एका टोकाला आज्ञांच्या पाट्या घेतलेला मोझेस आहे, समोरच्या टोकाला उपदेश करणारा संत पॉल. ही दोन टोके सापडली की दिशा पक्की झाली. मधल्या गर्दीत पिंपाशी बसलेला ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनीस शोधा. मुलांना बरोबर घेऊन बसला असाल तर हा खेळ हमखास रंगतो.

(उ) शेवटी सरळ खाली पाहा. तिपाईच्या जागी पुसल्यासारखा डाग, चिन्ह किंवा न जुळलेली रेघ अशा सफरींत बऱ्याचदा असते. फोटो जोडल्याची ती खूण. अर्धवट माणूस किंवा खुर्चीचा तुटका पाय दिसला तरी कारण तेच.

याच मठातले धर्मशास्त्र दालन वेगळ्या बैठकीसाठी राखा. ते सतराव्या शतकातले, बुटके आणि गोलसर छताचे. तिथे कपाटांवर कोरीव सोनेरी चौकटींत चित्रे आणि शीर्षके आहेत. खाली कोणत्या विषयाचे ग्रंथ आहेत हे त्यांवरून समजे; आजच्या भाषेत वर्गांकाची पाटी. दोन दालनांच्या मधल्या मार्गिकेचा फोटो मिळाला तर झाडांची ‘पुस्तके’ शोधा. प्रत्येक पेटी त्या-त्या झाडाच्या लाकडाची, कणा सालीचा आणि आत त्याच झाडाची पाने, बिया वगैरे.

५. चित्र कधीचे आहे ते ठरवा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. सफर म्हणजे आजचे ग्रंथालय नव्हे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे ‘लाँग रूम’ हे याचे उत्तम उदाहरण. सुमारे ६५ मीटर लांबीचे हे दालन १७१२ ते १७३२ या काळात बांधले. मूळचे छत सपाट होते. फळ्या भरून वाहू लागल्यावर १८६० च्या सुमारास ते काढून वरचा मजला आणि आज दिसणारे लाकडी कमानीचे छत केले.

आता तुमच्या सफरीचे साल काढा.

- दोन्ही बाजूंना ओळीने संगमरवरी अर्धपुतळे दिसतील. त्यांत २०२३ मध्ये पहिल्यांदाच चार स्त्रियांचे पुतळे आले: रोझालिंड फ्रँकलिन, एडा लव्हलेस, लेडी ग्रेगरी आणि मेरी वॉलस्टनक्राफ्ट. सगळे पुरुषच दिसले तर फोटो त्याआधीचा.
- फळ्या रिकाम्या दिसल्या तर घाबरू नका. जतनाच्या मोठ्या कामासाठी २०२२ पासून सुमारे दोन लाख ग्रंथ झाडून, नोंदवून हलवायला सुरुवात झाली. गच्च भरलेल्या फळ्या म्हणजे जुना फोटो.

गूगलच्या दृश्यात खालच्या बाजूला टिपल्याचा महिना-साल असतो आणि काही ठिकाणी जुन्या तारखांची दृश्येही उघडता येतात. वहीत नोंद करताना ग्रंथालय, पानाचे नाव, टिपल्याचे साल आणि पाहिल्याची तारीख असे चार रकाने आखा. प्रत्यक्ष प्रवास ठरवताना ही वही कामी येते; रिकाम्या फळ्या पाहायला तिकीट काढल्याचा पश्चात्ताप टळतो. (रिकाम्या फळ्यांनी लाकूडकाम जास्त उठून दिसते, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग.)

६. फळीवरून पुस्तकात शिरा

नुसते दालन पाहून थांबणे म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाज्यावरून परत फिरणे. यांतल्या बऱ्याच संस्थांनी आपली हस्तलिखिते वेगळ्या पानावर फुकट ठेवलेली आहेत आणि सफरीत त्यांचा दुवा क्वचितच असतो.

ट्रिनिटीच्या डिजिटल संग्रहात ‘बुक ऑफ केल्स’ हे बायबलमधल्या शुभवर्तमानांचे सचित्र लॅटिन हस्तलिखित पूर्ण आहे. इ.स. ८०० च्या सुमाराचे, ३४० पत्रांचे (पत्र म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक पान). उघडल्यावर ‘३४ आर’ शोधा. इथे अडखळायला होते, कारण क्रमांक पृष्ठाला नसून पत्राला असतो. ‘आर’ म्हणजे पत्राची पुढची बाजू, ‘व्ही’ म्हणजे मागची. आपल्या पोथ्यांतही आकडा पत्रालाच असतो, त्यामुळे पोथी हाताळलेल्याला हे लगेच उमगेल. या पत्रावर एक अवाढव्य अक्षर सगळी जागा व्यापून बसले आहे. त्याच्या पायाशी झूम करा: मांजरे आणि उंदीर, आणि जवळच मासा तोंडात धरलेले पाणमांजर. प्रत्यक्ष काचपेटीपुढच्या रांगेत हे उंदीर किती जणांना दिसत असतील, शंकाच आहे.

स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालन मठातले ग्रंथालय अठराव्या शतकातले. तिथल्या नक्षीदार लाकडी जमिनीवर प्रत्यक्ष जाताना बुटांवर नमद्याच्या सपाता चढवाव्या लागतात. इथली हस्तलिखिते ‘ई-कोडिसेस’ या स्विस संग्रहात आहेत. ती शोधायची किल्ली म्हणजे दाखल क्रमांक. शीर्षकाने शोधलेत तर लॅटिन, जर्मन अशा अनेक रूपांत हरवून जाल. ‘सांक्ट गालन’ आणि ‘९११’ असे शोधलेत तर आठव्या शतकाच्या अखेरचा ‘आब्रोगान्स’ हा लॅटिन-जर्मन शब्दकोश थेट समोर येतो.

घराजवळ हाच प्रयोग करायचा तर एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथसंजीवनी’ या डिजिटल संग्रहात जुनी पुस्तके आणि वृत्तपत्रे आहेत.

७. फसगती

‘सफर पाहण्यासाठी फ्लॅश प्लेअर डाउनलोड करा’ असे सांगणारे पान तत्काळ बंद करा. ब्राउझरमध्ये हलती चित्रे दाखवणारा हा जुना प्रोग्राम अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला. त्या काळातल्या चांगल्या सफरी त्याबरोबर गेल्या, पाट्या तेवढ्या उरल्या. आज त्या नावाने जे उतरवायला सांगतात ते तुमच्या भल्याचे नसते.

‘जगातले सर्वांत सुंदर ग्रंथालय’ म्हणून फिरणारी बरीच चित्रे संगणकाने रचलेली असतात. कण्यांवर झूम करा: अक्षरे कोणत्याच लिपीतली नसतात, जिने भिंतीत घुसतात, फळ्या मध्येच विरतात. शहराचे नाव नसेल तर पुढे पाठवू नका.

उलटा प्रकारही आहे. चीनमधले त्यांजिनचे बिनहाय ग्रंथालय खरेच आहे, २०१७ मध्ये उघडले. लाटांसारख्या फळ्या छतापर्यंत जातात. पण वरच्या फळ्यांवरची ‘पुस्तके’ ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर छापलेली चित्रे आहेत. घाईच्या बांधकामात त्या फळ्यांकडे मागून जायची वाटच राहून गेली. पॅनोरमात वर झूम केले तर सगळे कणे एका पातळीत, सावलीशिवाय दिसतात. ओळखायची ही युक्ती लक्षात ठेवा. इतर ठिकाणीही चालते.

डोके गरगरायला लागले तर पडद्यापासून दूर बसा, झूम थोडे वाढवा आणि माउस हळू ओढा. पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा पहिल्याच दिवशी लावू नका.

पडद्याचे चित्र घेऊन घरच्या गटात पाठवणे वेगळे आणि दिवाळी अंकात छापणे वेगळे. छापायचे तर छायाचित्रकाराची किंवा संस्थेची लेखी परवानगी घ्या.

८. पुढची दालने

आडमाँट, ऑस्ट्रिया. १७७६ मध्ये पूर्ण झालेले, ७० मीटर लांब, सात घुमटांचे, ४८ खिडक्यांचे मठातले ग्रंथालय. छतचित्रे बार्तोलोमेओ आल्तोमोंते यांनी ऐंशीच्या घरात असताना रंगवली. इथे छतापेक्षा आधी जमीन पाहा: पांढऱ्या, लाल, करड्या शंकरपाळी फरश्या. एकटक पाहिले की त्या ठोकळ्यांच्या पायऱ्या वाटू लागतात. मग कपाटांमध्ये चोरदरवाजे शोधा. खोट्या कण्यांमागे सज्जावर जायचे जिने आहेत.

रिओ द जानेरोचे रॉयल पोर्तुगीज वाचनालय. संस्था १८३७ ची, इमारत १८८७ ची. लिस्बनच्या जुन्या मठांची आठवण देणारी कोरीव शैली. उजेड वरून येतो, म्हणून नजर आधी छतातल्या रंगीत काचांवर आणि मग तीन मजली फळ्यांवर उतरवा.

कोइंब्रा, पोर्तुगाल. जोआनिना ग्रंथालय अठराव्या शतकातले, सोनेरी वेलबुट्टीचे. इथे वटवाघळे राहतात आणि रात्री कागद खाणारे किडे फस्त करतात. त्यांच्या विष्ठेने खराब होऊ नयेत म्हणून संध्याकाळी जुन्या मेजांवर चामड्याची पांघरुणे घालतात आणि सकाळी काढून झाडलोट करतात. सफरीत मेजे उघडी दिसली तर फोटो दिवसाचा. वटवाघळे तुम्हाला दिसणार नाहीत. ती त्या वेळी झोपलेली असतात.